चालून दाखव

रविवारी सकाळपासून देवयानी गुडघ्याचा पट्टा शोधत होती. तो कुठे आहे हे तिच्या आईला, शैलजाबाईंना, चांगलं ठाऊक होतं. त्यांनीच तो स्वयंपाकघरात रव्याच्या डब्यामागे दडवला होता.

देवयानी व्यावसायिक बास्केटबॉल खेळायची. गार्ड होती ती, म्हणजे चेंडू घेऊन पुढे यायचं, बाकीच्या चौघींना खेळवायचं आणि येईल तो धक्का सोसायचा. मागच्या मोसमात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. यंदा ती पुन्हा उतरली, पण कालच्या सामन्यानंतर जरा लंगडत होती. आणखी दोन-तीन मोसम खेळायला मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

तिचे वडील नरेशराव विद्यापीठात शिकवायला म्हणून साताऱ्याहून चंडीगडला आले आणि इथलेच झाले. घरात राजमा-चावल आला, मुलीच्या तोंडची मराठी अर्धी गेली. मुलगी बघण्याचा कार्यक्रम तेवढा शाबूत राहिला. असे किती कार्यक्रम झाले हे विचारणंही आता सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

दुपारी सेक्टर बावीसमधल्या त्यांच्या घरी देवयानीला बघायला अंशुमन आला. इथेच डॉक्टर होता. सोबत त्याची आत्या इंद्रायणीबाई, खास साताऱ्याहून आलेल्या.

"खेळणं सोडलंय म्हणालात ना फोनवर?" आत्यांनी विचारलं.

"हो, कधीच," शैलजाबाई म्हणाल्या.

देवयानीने आईकडे पाहिलं. रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"मग त्या दारापर्यंत जरा चालून दाखव गं. आमच्यात पद्धत आहे, बाकी काही नाही."

डॉक्टरसाहेब चहाच्या कपात बघत राहिले. माणसाचं शरीर शिकलेला हा मुलगा यावर एक शब्द बोलला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

"चाल ना बेटा, दोन पावलं," नरेशराव पुटपुटले.

देवयानी उठली. "आत्या, मी खेळणं सोडलेलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. अभी प्रॅक्टिस है, वहीं जा रही हूँ."

ती दारापर्यंत गेली, लंगडत, काही न लपवता. बूट घालायला वाकली, पण गुडघा वाकेना.

शैलजाबाई बघत होत्या. त्यांनाही एकदा असंच चालवलं होतं. टाचेत काटा मोडलेला असूनही त्या सरळ चालल्या होत्या आणि पसंत पडल्या होत्या. त्या पसंतीचा त्यांना आज पहिल्यांदाच मनापासून कंटाळा आला.

त्या आत गेल्या, डबा सरकवला, पट्टा घेऊन आल्या आणि पाहुण्यांसमोर लेकीच्या पायाशी बसल्या.

"घट्ट होतोय का?"

"नाही. थोडा और."

वाचकहो, तुमच्याही स्वयंपाकघरात कुठल्यातरी डब्यामागे लेकीचं असं काहीतरी दडवलेलं असेल. पाहुणे यायच्या आधी ते काढून तिच्या हातात द्या.