चौतीस फूट

शामकांतनं फीत खिडकीच्या उजेडात धरली. कुदळ उगारलेला नखाएवढा गहिनीनाथ तिच्यात दिसला. त्यानं कातर उघडली.

"मलाच कापताय व्हय, मास्तर?" दारात उकिडवा बसलेला गहिनीनाथ म्हणाला. "ती हीर खांदताना कंबरडं मोडलं माजं."

त्याची बायको चांगुणा तोंडाला पदर लावून हसली. दोघं राहात्याहून सकाळच्या गाडीनं नगरला आले होते. येताना शेंगांचं गाठोडं आणलं होतं आणि आपला सिनेमा बघितल्याशिवाय ते हलणार नव्हते.

"इलाज नाही," शामकांत म्हणाला. "मुंबईच्या स्पर्धेला चारशे फुटांच्या वर चालत नाही. हा चारशे एकतीस भरतो. गेल्या साली ह्याच कारणानं परत आला. ह्या शनिवारी मुदत संपते."

कॅमेरा कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना स्वस्तात देऊन टाकला होता. शाळेच्या दोन उन्हाळी सुट्ट्या शामकांत आणि त्याची बायको इंदू राहात्याला मुक्काम टाकून होते. गहिनीनाथ विहीर खणत होता, शामकांत ते टिपत होता. जोडकाम इंदूचं. फितीचं टोक पात्यानं खरवडायचं, चिकटद्रव लावायचं, बोटांनी दाबून वीस मोजायचे. फिल्म परत आली तेव्हा इंदू ती पुन्हा घेऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी ताप चढला. विषमज्वर निघाला; ती त्यातून उठली नाही. आठ महिने झाले त्याला.

त्यानं फीत पुढं सरकवली. कडेच्या भोकातून ओवलेला एक पांढरा दोरा आला आणि त्याचा हात झरझर चालू लागला. पुढं तसाच दुसरा दोरा आल्यावर तो थांबला.

"हे दोरे कशाचे?" चांगुणानं विचारलं.

"इंदूनं घातलेत. मधला भाग तिचा आहे, पाटाचं पाणी पितानाचा. तेवढा राखायचा म्हणून खूण केली असणार." तो कातरीकडे बघत म्हणाला, "म्हणून बाकीचं कापतोय."

चांगुणा उठून जवळ आली. दोरा बोटानं न धरता नुसता बघितला.

"मास्तर, बोलू का? ही अंगातली चोळी बाईंनीच बेतायला शिकीवली मला. जितं कातर चालवायची, तितं दोन्हीकडनं असा पांढरा दोरा घालायच्या. ठिवायच्या कापडाला सुई लावू द्यायच्या न्हाईत."

"गप की गं," गहिनीनाथ दबक्या आवाजात म्हणाला. "कुटं काय बोलावं कळतं का तुला?"

"बोलू द्या त्यांना."

शामकांतनं दोन दोऱ्यांमधली फीत पट्टीवर मोजली. चौतीस फूट. कमी करायचे होते एकतीस. पुन्हा मोजली. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

"मी उगाच बोलले," चांगुणा म्हणाली.

"नाही. फार बरं झालं, तुम्ही आलात."

त्यानं दोन्ही दोऱ्यांपाशी कापलं. निघालेला तुकडा गुंडाळून इंदूच्या शिवणाच्या डब्यात ठेवला. दोन टोकं खरवडली, जोडली आणि दाबून धरली. इंदू वीस मोजायची. त्यानं चाळीस मोजले.

खिडक्यांना गोधड्या लावून त्यानं शाळेतून मागून आणलेलं सिनेमाचं यंत्र सुरू केलं. भिंतीवर गहिनीनाथची कुदळ खडकावर पडली. "जोर बघा गड्याचा," गहिनीनाथ स्वतःलाच म्हणाला. खडकाच्या चिरेतून पाणी झिरपलं, वाढलं, तळात पसरलं. काठावरून चांगुणा वाकून बघत होती. मग तिनं मान वळवली आणि भिंतीबाहेर कुठंतरी बघून खळखळून हसली. तिच्यामागोमाग, न अडखळता, पहिली मोट वर आली.

हे हसणं त्यानं कितीदा बघितलं होतं. पण त्याला लागूनच इंदू यायची, ओंजळ तोंडाशी नेणारी. त्याचे डोळे आधीच तिच्या वाटेकडे लागलेले असायचे.

"चांगुणाबाई, तिथं तुम्ही कुणाकडं बघून हसताय?"

"बाईंकडं की," चांगुणा अंधारातून म्हणाली. "तुमच्या शेजारीच न्हवत्या का, फोटूच्या यंत्रावर छत्री धरून? म्हनल्या, चांगुणे, तोंड मिट, माशी जाईल."

गहिनीनाथ मोठ्यानं हसला. शामकांतही हसला. चित्र संपलं. फितीचं मोकळं टोक चाकावर फटफट आपटत राहिलं.

"चला, गाडी चुकंल," म्हणत गहिनीनाथनं पायात वहाणा सरकवल्या.

शामकांतनं यंत्र थांबवलं आणि खिडकीकडे न जाता फीत उलटी गुंडाळायला घेतली.

"आणखी एकदा लावतो," तो म्हणाला. "तेवढं हसणं बघू."

गहिनीनाथनं बायकोकडे बघितलं आणि वहाणा पुन्हा काढल्या.