आबांची उत्तरं

चुडामण आबा पारोळ्याचे शिंपी. दारूला कधी शिवले नाहीत, पण जुन्या काविळीने त्यांचं लिव्हर खराब केलं होतं. पोटात पाणी झालं म्हणून ते जळगावच्या दवाखान्यात दाखल झाले आणि आल्याबरोबर सगळ्या वॉर्डाला हसवू लागले.

दुसऱ्या सकाळी सिस्टर तहरीमने विचारलं, "आबा, आज वार कोणता?"

"वार पगारवालास्ले लागतस, मले काय!"

"बरं, आपण आहोत कुठे?"

"तुन्हा राजमा!"

सिस्टरच्या राज्यात! शेजारचे पेशंट हसले. तहरीमही हसली, पण तिच्या मनात खटकलं. काल आबांनी आधी बरोबर उत्तर दिलं होतं आणि मग थट्टा केली होती. आज नुसती थट्टाच होती.

तिने त्यांच्या बायकोला, भिकुबाईला विचारलं, "अक्का, आबांची झोप कशी आहे?"

"रातभर जागतस, दिनभर घोरतस. पोटबी साफ व्हत नही."

"आबा, सदऱ्याचं बटण लावा बरं."

जन्मभर काजं-बटणं केलेल्या त्या बोटांना काज सापडेना. भिकुबाईचं हसू मावळलं.

"आता बस थांबवतात तसे दोन्ही हात पुढे धरा. पंजे वर."

पंजे क्षणभर थांबले, मग मनगटातून गळून पडले, पुन्हा उठले, पुन्हा पडले.

तहरीमने शुगर, बीपी, ताप तपासला, आबा कुठे पडले नाहीत ना याची खात्री केली आणि डॉक्टरांना फोन लावला. "सर, लिव्हरचा परिणाम मेंदूवर दिसतोय. काल नव्हता."

डॉक्टर आले, त्यांनाही तेच वाटलं. पोट साफ होण्याचं सिरप सुरू झालं.

"यास्नं डोकं फिरनं का?" भिकुबाईने घाबरून विचारलं.

"नाही अक्का. लिव्हर रक्त नीट साफ करत नाही, ती घाण डोक्यापर्यंत पोचते. पोट साफ झालं की उतरेल."

आणि तसंच झालं. दर पाळीला तेच प्रश्न विचारले गेले. हळूहळू उत्तरं आधी येऊ लागली, थट्टा नंतर. आबा घरी निघाले तेव्हा तहरीमने भिकुबाईला कशावर नजर ठेवायची ते नीट समजावलं.

पुढे महिनाभराने भिकुबाई आबांचा हात धरून वॉर्डात हजर.

"यास्नी चहामा साखर सोडीसन मीठ टाकं," ती म्हणाली. "मी वाट नही देखी, लगेच यास्ले दवाखानामा लई उनू."

"बरोब्बर केलंत," तहरीम म्हणाली आणि आबांना कॉटवर बसवलं. या वेळी दुखणं सुरुवातीलाच सापडलं होतं. दोन दिवसांत आबा पारोळ्याच्या बसमध्ये बसले.