कुंकवाआडचा काटा

मी ट्रॅक्टरच्या धुराचा ताप मोजणारा मीटर बोलतोय. मी घड्याळ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पलूसच्या गॅरेजात खोक्यातून बाहेर निघाल्यापासून निम्म्या तालुक्यानं माझ्याकडे बघून "किती वाजलं?" असं विचारलंय. एकानं तर मला बघून स्वतःचं घड्याळ लावून घेतलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. माझ्या गोल चेहऱ्यावर आकडे छापले, सातशेपासून पुढं तांबडा पट्टा ओढला आणि पाठीला एक लांब वायर जोडली, एवढं आठवतं. वायरीच्या टोकाला बोटाएवढी सळई. सळई धुरात राहते, मी ड्रायव्हरसमोर राहतो. काटा तांबड्यात गेला की रेस कमी करायची, नाहीतर इंजिनातला पिस्टन वितळतो. मला बॅटरीसुद्धा लागत नाही. धुराच्या उष्णतेवरच माझा काटा हलतो. माझं शिक्षण एवढंच, पण पक्कं आहे.

मला मागवलं नानासोंनी. फौजेत गाड्या चालवून निवृत्त झालेला माणूस, सगळी पुंजी एका ट्रॅक्टरात घातलेली. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ऊस जोडून कारखान्याला खेपा मारायचे. ताकद वाढावी म्हणून त्यांनी डिझेलचा पंप वाढवून घेतला, आणि तेव्हापासून ट्रॅक्टर चढावर काळा धूर ओकायला लागला.

"फौजेत डायल बघितल्याबिगर गाडी हलत न्हवती," ते अर्जुना मिस्त्रीला म्हणाले. "बसव ह्यो."

अर्जुनानं धुराच्या लोखंडी नळीला भोक पाडायला ड्रिल उचललं, तोच नानासोंच्या पत्नी राहीबाई आडव्या आल्या.

"आवं, चांगल्या गाडीला भोक कशाला पाडताय? ताप काखंत बघत्यात."

"काकू, ह्याला काख न्हाई," अर्जुना म्हणाला.

"मग जिभंखाली ठेव."

यावर दोघे पुरुष खरोखर विचारात पडले, हे मी स्वतः पाहिलंय. शेवटी नारळ फोडला, लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं आणि भोक पाडलं. सळई घट्ट बसली. पहिल्यांदा धूर लागला तेव्हा मला फार आनंद झाला. आपण कशासाठी जन्मलो ते तेव्हा कळलं.

पहिल्याच नांगरटीत मी चारशे दाखवले. राहीबाईंनी तोंडाला पदर लावला. "चारशे? आन् जित्ता हाय?" त्यांनी बादली आणली, फडकं भिजवून पिळलं आणि घडी करून माझ्या काचेवर ठेवलं. ताप माझ्या कपाळात नाही, नळीत आहे, हे त्यांना कोणीच सांगितलं नाही. मीटरच्या काचेवर ओलं फडकं ठेवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. पण खरं सांगू? मला बरं वाटलं.

मग खंडेनवमी आली. ट्रॅक्टर धुतला, झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. राहीबाई तेलात कालवलेलं कुंकू घेऊन आल्या. स्टेअरिंगला लावलं, बॉनेटला लावलं आणि माझ्यासमोर थांबल्या.

"कंपनीवाली देवाधर्माची मानसं दिसत्यात," त्या म्हणाल्या. "कुंकवाची जागा आधीच तांबडी करून सोडलीया."

आणि त्या पट्ट्यावर त्यांनी अंगठ्यानं भरघोस टिळा ओढला. पट्ट्याच्याही अलीकडून, सहाशेपासून पार टोकापर्यंत.

तेलातलं कुंकू काचेवर वाळून घट्ट बसलं. ते पुसणार कोण? सवाशिणीनं लावलेलं, तेही नवऱ्याच्या गाडीवर. घरात कोणी विषयसुद्धा काढला नाही.

गळीत सुरू झालं. पहिल्या खेपेच्या उसाची कारखान्यावर पूजा करायची म्हणून राहीबाई मडगार्डवर नानासोंच्या शेजारी बसल्या. पूल ओलांडून चढ लागला. मागं गावातल्याच नाथाजीचा उसाचा ट्रॅक्टर चिकटलेला. माझा काटा पाचशे, साडेपाचशे करत कुंकवात शिरला.

"आवं, काटा कुठं गेला?"

"कुंकवात."

"म्हंजे किती झालं?"

"सहाशे असंल, न्हाईतर आठशे. पुसल्याबिगर कळायचं न्हाई."

"मग पुसा की!"

"मी? तू लावलंयस, तू पूस."

"बाईमाणसानं कुंकू पुसू? तुमी समोर जित्तं बसल्यावर?"

"आन् माज्याच हातानं मी पुसू? न्हाई बाबा. सरहद्दीवर ऱ्हायलोय, पर ह्ये न्हाई जमायचं."

मागून नाथाजीनं हॉर्न दाबला. "गड्या, रेस दे की रं!"

"नाथाजीला सांगू पुसायला," नानासो म्हणाले. "त्यो परका हाय."

"परक्यानं माजं कुंकू पुसायचं?" राहीबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की हॉर्न बंद पडला.

थांबावं तर भरलेल्या ट्रॉल्या मागं ओढणार, म्हणून नानासोंनी रेस वाढवली. सातशे वीस. सातशे साठ. मी जिवाच्या आकांतानं दाखवत होतो. मला दाखवण्यापलीकडे काही येत नाही, आणि दाखवायची जागाच झाकलेली. आठशेला इंजिनात काहीतरी थडाडलं आणि सगळं शांत झालं. नाथाजी उडी मारून आला आणि त्यानं चाकांमागं दगड लावले.

अर्जुनानं इंजिन उघडलं. पिस्टन कढईतल्या गुळासारखा वितळला होता. त्याच्याभोवती गाव जमलं आणि निकाल लागला: मीटर बसवायच्या आधी ट्रॅक्टरला कधी ताप आला होता का? नव्हता. म्हणजे तो मीटरनंच आणला. मला खोलून काढलं, नळीच्या भोकात बोल्ट ठोकला. नानासो माझ्याकडे बघायला तयार नव्हते. ते मला फार लागलं.

आता नवा पिस्टन पडलाय, खेपा सुरू आहेत. आणि मी अंगणात आहे. राहीबाईंनी माझी सळई आंघोळीच्या बंबाच्या धुराड्यात सोडलीय आणि मला शेजारच्या खुंटीला टांगलंय. धूर इथला काय अन् तिथला काय, धूरच तो, असं त्यांचं म्हणणं.

नानासो ट्रॉल्या घेऊन निघाले की त्या बंबापुढं पाट टाकून बसतात. नजर माझ्यावर. काटा दोनशेच्या वर सरकला की घाईघाईनं जळतं लाकूड बाहेर ओढतात, म्हणजे तिकडं चढावर ट्रॅक्टरचा ताप उतरेल. नानासो परत येतात तेव्हा आंघोळीचं पाणी कोमटसुद्धा नसतं.

"आगं, पानी गार कसं?"

"तुमाला ऊन पानी पायजे का गाडी?"

नानासो तांब्या उचलतात. गार पाणी अंगावर घेतात.

सकाळी वारं इकडचं असलं की चढावरचा आवाज अंगणात येतो. तो आवाज मी ओळखतो. सहाशे ऐंशी असतील, सातशे असतील. राहीबाई मान वर करून माझ्याकडे बघतात. "किती हाय रं?" हळूच विचारतात. माझा आकडा खरा असतो, पण तो दुसऱ्याच धुराचा असतो, हे त्यांना सांगायला मला तोंड नाही.

पलूसकडे कधी आलात तर अर्जुनाला माझा निरोप द्या. म्हणावं, तो बोल्ट काढ आणि मला परत त्या नळीत बसव. तोवर राहीबाई लाकूड मागं ओढतात, आणि मी दोनशे दाखवतो.