मालकाचं नाव

आदी एक सांगून ठेवते. माज्या मोटारीला कुनी ‘सासऱ्याची मोटार’ म्हनलं, तर आजबी त्याच्या तोंडावर शेनाचा पो मारीन. मोटार माज्या बापाची व्हती, बापानं मला दिली, तवा ती माजी. पन कुरुळीच्या मानसांच्या जिभंला हाड न्हाई. आमचे मालक मोटार घिऊन निगाले की पारावरनं कुनीतरी वरडायचंच, “आली बगा सासऱ्याची मोटार!” आन् मालकांचं तोंड कारलं खाल्ल्यावानी व्हायचं.

मालक म्हंजी माजे धनी. त्येंचं नाव मी घेत न्हाई. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत्यात ते उखान्यात, आन् तेबी चार बायांनी दार अडवून धरल्याबिगर न्हाई.

बाप माजा तळेगावचा. तळेगाव ते चाकण त्याची सर्व्हिस मोटार चालायची. आत मानसं, मांडीवर पोरं, मागं कोंबड्यांच्या पाट्या. मंग सरकारची एस्टी आली आन् बापाचं परमिट गेलं. बाप म्हनला, “पोरी, लग्नात तुज्या अंगावर सोनं घालाया जमलं न्हाई, आता ही मोटार घे.” कागद माज्या नावावर केलं आन् मोटार आमच्या दारात आनून लावली. परमिटाबिगर शिटा भरता येत न्हाईत, मंग करायचं काय तिचं? शेळ्यांनी तिचा कापडी टप खाल्ला. मागच्या शिटावर कोंबडी अंड्यावर बसली.

मालकांचं कशात मन लागंना. मोटारीबिगर दुसरं काम त्येंना येत न्हाई, आन् मोटार बायकूची. एक दिस जेवता जेवता म्हनले, “मुंबईला जातो. तिथं ड्रायव्हरला लई मागनी हाय. हितं मी मेलो तरी सासऱ्याच्या मोटारीतनं नेत्याल.”

म्या म्हनलं, “जावा की! कुनी पाय धरल्यात तुमचं?”

तोंडानं म्हनलं, पन मनात तसं न्हवतं. मुंबईला गेलेला गडी शिमग्याला येतो आन् दिवाळीला येतो, आन् आला तरी पाव्हन्यावानी भितीला टेकून बसतो. मला नवरा पायजे व्हता. पाव्हनं काय, आमच्याकडं ढीगभर येत्यात.

त्याच दिसांत मोटार क्लबवाल्यांनी चाकणच्या बाजारतळावर टेबल मांडलं. मोटारींची शर्यत! चाकणवरनं तळेगाव, देहूरोड, चिंचवड, भोसरी, मोशी, आमची कुरुळी आन् परत चाकण. असं दिस उगवल्यापास्नं मावळंपत्तूर गरागरा फिरायचं. आमाला बैलगाड्याची शर्यत ठावं. झेंडा पडला, गाडा सुटला, भंडारा उधळला, खलास. ह्ये दिसभर पळायचं खूळ कुनाच्या डोक्यात आलं द्येव जानं.

पन त्यात एक गोम व्हती. पिंपरीला नवा कारखाना उभा ऱ्हात व्हता, आन् तिथला म्यानेजर क्लबात व्हता. त्येनं सांगितलेलं, पयला नंबर कुनाचाबी येऊ द्या, जी गाडी दिस मावळताना चालत्या इंजिनावर रेघ वलांडंल तिच्या चालकाला सर्टिफिकिट, आन् सर्टिफिकिट असंल त्याला कारखान्याच्या गाडीवर कायमची नोकरी. म्हंजी सर्टिफिकिट मिळालं तर पिंपरी, रोज सांजच्याला घरी. न्हाई तर मुंबई.

माजा धाकला दीर भिमाजी, लोहारकामात हात असलेला, त्येनं नेम वाचून दावलं.

“वैनी, गाडी स्पोर्ट पायजे.”

“म्हंजी कसली?”

“वर टप नको.”

“शेळ्यांनी खाल्लाय. फुडं?”

“शिटा दोनच.”

मागच्या शिटा उपटल्या. कोंबडी अंड्यासकट पाटीत गेली, ती मला अजून माफ करंना. दिवं दोन पायजेत, भोंगा पायजे, सुटं चाक पायजे. एक ब्याग मावंल येवडी जागा पायजे. तिथं भाकरीची दुरडी बरूबर बसली. दारं दोन पायजेत, उगडनारी आन् लागनारी. आमच्या मोटारीचं एक दार दोरीनं बांधलेलं. भिमाजीनं घराच्या मागल्या दाराची कडी-कोयंडा काढून तिला ठोकला. कुत्री आत येऊन दूध पिऊन गेली, पन मोटार नेमात बसली.

नाव द्यायच्या शेवटच्या दिसी दोघं भाऊ मोटारीखाली. बाहेर नुसतं पाय दिसत व्हतं. मंग कागद घिऊन मीच चाकणला गेले. टेबलामागं पुण्याचा कारकून, नाकावर चष्मा.

“मालकाचं नाव?”

मी लाजले. आवं, भर बाजारात, परक्या बाप्यानं तोंडावर इचारलं! मी नुसती पदर सारखा करत ऱ्हायले.

“बाई, लवकर. मालकाचं नाव?”

मागं रांग खोळंबली. शेजारची गोजाबाई मिरच्या घ्यायला आलेली, ती खोड काढनारच. “घे की गं! लाजतीस काय नव्या नवरीवानी?” म्या डोळं मिटलं आन् घेतलं:

“चाकणच्या बाजारात कांद्याची रास,
रंगरावांचं नाव घेते कारकुनासाठी खास.”

रांगेतली मानसं खो खो हसली. कारकूनबी गालात हसला आन् ल्ह्यायला लागला: मालक, रंगराव.

“गाडी कोण चालवणार?”

“मालकच. आन् भिमाजी.”

“करा सही.”

म्या चवथीपत्तूरच्या अक्षरात केली: मंजुळा. आन् मोठी कामगिरी केल्यावानी भेळ खाऊन घरी आले.

शर्यतीच्या दिसी समदा मुलूख बाजारतळावर. मुंबईच्या मोटारी लाल, हिरव्या, बेडकावानी भुईला टेकलेल्या. आत गॉगलवालं सायेब. त्यात आमची मोटार म्हंजी परकऱ्या पोरींत नऊवारीतली आत्याबाई. हसूंद्यात. गोजाबाई ताट घिऊन ओवाळाया फुडं झाली, तर हॅटवाला सायेब, शर्यतीचा पंच त्यो, धावतच आला.

“हात लावू नका! चालक आणि थांब्यावरचा एक माणूस सोडून गाडीला कुणाचाही हात लागला, की नाव बाद!”

थांब्यावरचं मानूस म्हंजी मी. गोजाबाई म्हनली, “हात कशाला लावू? मला काय लांबनं ओवाळाया येत न्हाई व्हय?” आन् तिनं चिमूटभर कुकू भिरकावलं. मोटारीला थोडं लागलं. बाकीचं सायबाच्या पांडऱ्या हॅटवर बसलं.

दिस वर आला तशा मुंबईच्या मोटारी गळाया लागल्या. एकीचं बूड देहूरोडच्या खड्ड्यात बसलं. एक मोशीला म्हशींफुडं भोंगा वाजवत ऱ्हायली. म्हशींना काय, त्या भोंग्याला भीक घालत्यात व्हय? आमची मोटार लग्नाच्या वरातीवानी येयाची आन् जायाची. मी पानी वतायची. इंजिन फुसफुसायचं, मालक खाली उतरून भाकरी तोंडात कोंबायचे, भिमाजी बसायचा. भिमाजीची फेरी झाली की पुन्यांदा मालक. एकदा मी घागर रिती करताना मालक हळूच म्हनले, “हात भाजंल तुजा.” म्हैनाभरात पयल्यांदा ह्येवडं गोड बोलले. मी म्हनलं, “भाजू द्या. मुंबईला जायाला उशीर व्हतोय न्हवं? बसा.” मला असंच बोलाया येतं. काय करू?

दिस कलला. शेवटच्या फेरीला मालक. येयाची येळ झाली, टळली, मोटार दिसंना. दिस डोंगराला टेकला. मनात म्हनलं, ग्येली माजी पिंपरी. आन् तेवड्यात कुरुळीकडनं ठनानन्, ठनानन् आवाज. आली! मागलं चाक फाटलेलं, नुसत्या लोखंडावर आली, वाफ सोडत आली. सुटं चाक आदीच वापरून झालेलं.

चढावर मोटार आचके द्यायला लागली. आमच्या गावची सवय काय, कुनाची गाडी अडली की न इचारता खांदा द्यायचा. पाच-पन्नास गडी “लावा रं हात!” करून धावलं. मी फुडं! कुनाच्या तरी बैलाचा चाबूक हिसकला आन् आडवी झाले. “हात लावंल त्याचा हात मोडून गळ्यात बांदीन! मागं व्हा, मुडद्यांनो!” सक्क्या मामेभावाच्या पायावर बसला चाबूक. समदं थबाकलं. मोटार एकटी कन्हत कन्हत आली आन् रेघ वलांडून मंगच बंद पडली. दिस तवा नखभर बाकी व्हता.

बाजारतळ नुसता गरजला. मालक उतरलं, तोंड काळं, दात पांडरं, हसत्यात. आन् त्या हॅटवाल्या सायबानं कागदं उघडली.

“ही नोंद खोटी आहे. इथं मालक म्हणून रंगराव लिहिलंय. गाडीचे कागद मंजुळाबाईंच्या नावावर. नाव बाद.”

माज्या टाळक्यात आग गेली. “खोटी? तुमच्या कारकुनानं मालकाचं नाव इचारलं, म्या मालकाचं सांगितलं! आमच्यात मालक म्हंजी नवरा. तुमच्यात दुसरा कोन असतो? गाडी कुनाची असं इचारायला काय जीब झडली व्हती?”

मानसं हसाया लागली. कारकून चष्मा पुसाया लागला. सायेब काय वाईट मानूस न्हवता. त्येनं कागद खालवर बघितला.

“ही सही कुणाची?”

“माजी.”

“मग चूक नुसत्या नावात आहे. निकाल लागेपर्यंत नाव दुरुस्त करता येतं. पण नियम असा, की ज्याचं नाव चुकून लागलंय त्यानं सर्वांसमोर स्वतः सांगायचं, मालक मी नाही, मालक अमुक आहे.”

बास! ज्या बोलन्यापायी मानूस गाव सोडून चालला, तेच त्येनं चाकण, मोशी, कुरुळी, समद्यांच्या म्होरं आपल्या तोंडानं बोलायचं? मालकांचं हसू मावळलं. खाली बगून उबं ऱ्हायलं. आन् मागनं कुन्या भाड्यानं टाकलीच पिंक, “सांग की रंगा, सासऱ्याची हाय म्हनून!”

मला वाटलं आता हा मानूस चालू लागनार, थेट तळेगावच्या ठेसनावर. मी म्हननारच व्हते, “सायेब, फाडा त्यो कागद, नको आमाला.” खरंच सांगते, नोकरी गेली तरी चालंल, पन त्येंची मान खाली नको, असं झालं व्हतं मला.

तर मालकांनी डोक्याचं फडकं काढलं, तोंड पुसलं, बोनटावर हात ठिवला आन् खनखनीत आवाजात म्हनले:

“फुडं दोन दिवं, मागं सुटं चाक,
मंजुळा गाडीची मालक, आन् मी तिचा चालक!”

गोजाबाई किंचाळली, “अगं बया, गड्यानं उखाना घेतला!” आन् जी शिट्ट्यांची, हलगीची गर्दी उडाली! मी पदर तोंडावर घेतला. लोकास्नी वाटलं लाजले. लाजते कशाला, रडत व्हते. लग्नापास्नं ‘अगं’ आन् ‘ऐकलं का’ सोडून माजं नाव म्हनून त्या तोंडानं कदी घेतलं न्हवतं.

सायबानं नाव खोडलं, माजं ल्ह्यलं. म्यानेजरनं सर्टिफिकिट मालकांच्या हातात दिलं, म्हनला, “सोमवारी पिंपरीला या.” मामेभाऊ पाय चोळत ढकलाया आला. म्या म्हनलं, “आता लाव हात, आता नेम न्हाई.” निम्म्या गावानं मोटार ढकलत कुरुळीला आनली.

सोमवारी मालक कारखान्यावर निगाले. उंबऱ्यात थांबले, मागं बगितलं आन् म्हनले, “मालक, येऊ का?”

मी म्हनलं, “या.”

तवापास्नं रोज सकाळी तेच. मी त्येंना मालक म्हनते, त्ये मला मालक म्हनत्यात. गावाला लई कवतिक. पन घरात दोघंबी मालकच म्हनल्यावर भांडी कुनी घासायची, ह्येचा नेम काय त्या क्लबवाल्यांच्या कागदात ल्ह्यलेला न्हवता. ती अजून मीच घासते. पन मालक सांजच्याला घरी असत्यात, आन् विसळायला बसत्यात.