व्हर्लिनच्या कमरेवरची जागा

मी एक जुने म्यान आहे, पिस्तुलाचे. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात खोगिरे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला जाड चामड्यातून बेतले, ओले करून पिस्तुलावर दाबले आणि तसेच वाळवले. त्यामुळे पिस्तूल माझ्यात घट्ट बसते आणि त्याचा चाप मी पूर्ण झाकते.

मला व्हर्लिन स्टॅम्परने विकत घेतले. बंद पडलेल्या गाड्या ट्रकने ओढून आणायच्या, हे त्याचे काम. एकदा आडरानात एकजण पहार घेऊन अंगावर धावला, तेव्हापासून तो शर्टाखाली पिस्तूल बाळगतो.

मित्रांनो, त्या मुलखात घरोघरी टाकून दिलेल्या म्यानांचे एक खोके असते. दुकानात उभ्याने घालून बघायचे, आरशात ऐट करायची, आणि चार दिवसांत ते खोक्यात जायचे. माझीही तीच गत व्हायची होती. व्हर्लिनने मला आधी पोटावर खोचले. ट्रकमध्ये बसला की सगळा घेर माझ्यावर. मग उजव्या कुशीला, तर तिथे सीटबेल्टचा खटका. पाठीमागे खोचले, तर मी थेट मणक्यात रुतले.

"पोट कमी कर," त्याची बायको आर्डिथ म्हणायची.

"तुझ्याच हातचं आहे ते."

शेवटी तो मला काढूनच ठेवू लागला. कधी सीटवर, कधी जेवणाच्या टेबलावर. एका रविवारी रेंडाच्या खानावळीत त्याने मला पिस्तुलासकट संडासातल्या टाकीवर ठेवले आणि तो बाहेर जाऊन तिकडची मऊ पावासारखी बिस्किटे नि दाट रस्सा हाणू लागला.

मग रेंडाची सात वर्षांची लेक आत आली, डेलानी. मी तिच्या हाताच्या अंतरावर होते. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. तिने मला पाहिले, शाळेत शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात पाठीमागे नेले आणि ती बाहेर गेली.

"आई, आत पिस्तूल आहे. मी हात नाही लावला."

खानावळीतल्या प्रत्येक पुरुषाचा हात आपले पिस्तूल चाचपायला कमरेकडे गेला. व्हर्लिनचा तेवढा रिकाम्या पट्ट्यावर पडला.

"जा, घेऊन ये," रेंडा म्हणाली. "पोर शहाणी निघाली माझी. आता तू शहाणा होईपर्यंत इथं जेवायला येऊ नकोस."

घरी येऊन त्याने सगळे आर्डिथला सांगितले. तिने पिस्तूल रिकामे केले, दोनदा तपासले आणि नवऱ्याला ट्रकमध्ये बसवले.

"बसून बघ. तू उभा असतोस कधी?"

तिने मला डाव्या बाजूला, बेंबीपासून थोडे दूर, मूठ उजव्या हाताकडे कलती अशी लावली. पट्टा रुंद आणि ताठ घेतला, पँट एक माप सैल. दिवसभर तो तसाच गाडी चालवून आला आणि मला काढायचे त्याला सुचलेच नाही.

पुढे तो खानावळीच्या दारात उभा राहिला, तेव्हा डेलानीनेच विचारले, "काका, कुठंय ते?"

"अंगावर."

"संडासात जाताना?"

"तेव्हाही."

रेंडाने त्याच्यापुढे ताट ठेवले.

मित्रांनो, टोचणारी वस्तू माणूस काढून ठेवतो आणि काढून ठेवलेली विसरतो. मोठ्यांना सांगा, म्यानाची जागा आरशासमोर नव्हे, बसून ठरवा. आणि आमच्यापैकी कुणी एकटे पडलेले दिसले, तर हात मागे घ्या आणि आईला हाक मारा. चाप झाकण्यापलीकडे मला काही करता येत नाही. त्या दिवशी व्हर्लिनला वाचवले ते एका मुलीच्या पाठीमागे गेलेल्या दोन हातांनी.