आतली पिशवी

"आधी हवा काढ, मग तोंड बांध. हवा राहिली की पिशवी फुगते, फुगली की घासते, घासली की फाटते. गुडघा ठेव वर आणि दाब. लाजतेस काय, ते काही तान्हं बाळ नाही."

आबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण सॅक भरायला बसलं की मावशीला त्यांचं हे बोलणं अगदी पाठीशी उभं राहून कुणी बोलावं तसं ऐकू यायचं. आबा तिचे वडील. तळ्यावरचे जुने वाटाडे. अरुंद, वल्ह्यांच्या होड्या घेऊन तीन-चार दिवस पाण्यावर हिंडायला आणि काठावर तंबू ठोकून राहायला जी माणसं येत, त्यांना ते वाट दाखवत. मावशीचं काम त्याआधीचं. पाहुण्यांचं सामान सॅकमध्ये अशा तऱ्हेनं भरायचं की होडी उलटली तरी आतलं अंथरूण कोरडं राहावं. बावीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं.

आज मात्र तिच्या मांडीवरची सॅक रिकामी होती. ती उलटी करून मावशी तिच्या शिवणीवरून अंगठा फिरवत होती.

"मावशी, आत बोलावलंय," शेडच्या दारातून डांबर म्हणाला. होड्यांच्या भेगा बुजवून बुजवून त्याचे हात कायमचे काळे झाले होते, त्यावरून हे नाव. "कागद तयार आहे म्हणे. नीट वाच हं सही करण्याआधी."

"वाचता येतं मला."

"म्हणून तर सांगतोय. वाचता येणारीच माणसं न वाचता सह्या करतात."

मावशी उठली. सॅक तिनं बरोबर घेतली.

ऑफिसात जावईबापू बसले होते. मालकीणबाईंचे गुडघे गेल्यापासून सगळा कारभार त्यांच्याकडे आला होता. 'साहेब' म्हणवून घ्यायची त्यांना फार हौस, पण पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर "हे आमचे जावईबापू" अशी ओळख करून दिली आणि ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

"बसा मावशी. चहा?"

"नको. बोला."

त्यांनी कागद पुढे सरकवला. चारच ओळी होत्या. सोमवारी निघालेल्या दोन बहिणींची होडी खडकांच्या अरुंद वाटेत उलटली. सामान भिजलं. सॅकचं तोंड बांधणाऱ्या कर्मचाऱ्याकडून ते नीट बांधलं गेलं नाही. सदर कर्मचाऱ्याला ही चूक मान्य आहे.

मावशीनं तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ हलत होते.

"कुणी तुम्हाला काढत नाहीये," जावईबापू समजुतीनं म्हणाले. "नुसता उपचार आहे. त्यांच्या भावाची तक्रार आलीय, काहीतरी उत्तर द्यायला हवं. इतक्या वर्षांत एखादी गाठ सैल राहते माणसाच्या हातून. कोण काय म्हणणार आहे?"

"गाठ सैल नव्हती."

"असं तुम्हाला वाटतं."

"वाटत नाही. गाठ सैल नव्हती."

राग आला की मावशीचा आवाज चढत नसे, उतरत असे. मावशी कुजबुजायला लागली की समोरच्यानं चप्पल घालून घरी जावं, असं डांबर म्हणायचा. जावईबापू या जागेला नवे होते. त्यांना वाटलं, बाई नरमली.

"पेन देऊ?"

"पाणी तोंडातून गेलंच नाही," मावशी म्हणाली. "ही त्याच बहिणींची सॅक. खांद्याच्या पट्ट्या जिथे शिवल्यात ना, तिथून गेलं. मी तुम्हाला ह्या सॅक आल्या त्याच आठवड्यात दाखवलं होतं."

दाखवलं होतं खरंच. वसंताच्या सुरुवातीला नव्या कोऱ्या पिवळ्या सॅक आल्या, त्यांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'वॉटरप्रूफ' छापलेलं. जावईबापू खूश. आतली पिशवी आता बंद, म्हणाले. आतली पिशवी म्हणजे जाड, पांढरट प्लॅस्टिकची, सॅकपेक्षा दीड हात लांब. ती आधी सॅकमध्ये उतरवायची, तिच्यात स्लीपिंग बॅग आणि कपडे, मग गुडघ्यानं हवा काढून तिची मान पिळायची, दुमडायची आणि रबरानं आवळायची. ओला तंबू तिच्या बाहेर. सॅक भिजली तर भिजू दे, आतलीनं भिजायचं नाही. सगळं झालं की शेडमागच्या हौदात ती सॅक बुडवून शंभर आकडे मोजायचे. आबांची ही रीत.

"एका सॅकला दोन-दोन पिशव्या कशाला?" जावईबापू म्हणाले होते. "पाहुण्यांना वाटतं, आपलाच आपल्या मालावर विश्वास नाही. आणि तो हौद झाका. लोक सुट्टीवर येतात, त्यांच्यासमोर सामान बुडवून काय दाखवता?"

मावशीनं जुन्या, ठिगळं लावलेल्या आतल्या पिशव्या महिनाभर गुपचूप वापरल्या. एक दिवस ते त्यांच्या नजरेस पडलं. मग तिनं उरलेल्या नऊ पिशव्या घरी नेल्या आणि पलंगाखाली घडी करून ठेवल्या. आज तिला आठवत होतं, ते हे घडी करणं. भांडली नाही ती. घडी केली.

"चला, परत दाखवते," ती म्हणाली.

"मला आत्ता वेळ नाही."

"माझ्या नावानं खोटं लिहायला होता ना वेळ, त्यातलाच थोडा द्या."

हे ती इतकं हळू बोलली की जावईबापूंना पुन्हा विचारावं लागलं. तिनं पुन्हा सांगितलं नाही. ती बाहेर पडली, तेव्हा त्यांनाही मागोमाग यावं लागलं.

अंगणात चार-पाच पाहुणे लाइफ जॅकेटची मापं बघत होते. मावशीनं कोरडी सॅक नळाखाली धरली आणि आत दोन बादल्या पाणी भरलं. तोंड तीन वेळा गुंडाळून पट्टा आवळला. डांबरनं न सांगता ती होड्यांच्या आकड्याला टांगून दिली. सगळे बघत राहिले.

तोंडाकडून थेंबही आला नाही. पण पट्ट्यांच्या शिवणीत आधी एक काळसर ओल उमटली, मग एक थेंब, मग दुसरा. थोड्या वेळात 'वॉटरप्रूफ' या अक्षरांच्या दोन्ही बाजूंनी पाणी संथ गळायला लागलं.

"आत भरलेलं बाहेर येतंय," डांबर कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाला, "म्हणजे बाहेरचं आत जात असणार. मी शाळा सोडली चौथीत, पण एवढं कळतं."

पाहुण्यांतली एक बाई हसली. जावईबापू लाल झाले. मावशीला दंडाला धरल्यासारखं करून त्यांनी आत नेलं आणि दार लावलं.

"हे कंपनीशी मी बघेन. शिवणीचं, सगळं. पण आज हा कागद गेला पाहिजे. दोष माणसाचा असला तर प्रकरण इथे मिटतं. सॅकचा ठरला तर चाळीस सॅक बदलायच्या, हंगाम बुडवायचा? तुमचाही पगार त्याच हंगामातून येतो, मावशी."

मावशी खुर्चीवर बसली. काल ती इस्पितळात गेली होती. मोठी बहीण, निवृत्त शिक्षिका, छातीत कफ भरून निजली होती. ओल्या स्लीपिंग बॅगमध्ये रात्रभर कुडकुडल्यावर दुसरं काय व्हायचं. मावशीला बघून तिनं उशीवरूनच हात पुढे केला. रागावली नाही. फक्त म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना, अंथरूण कोरडं राहील? मी धाकटीला सारखी तेच सांगत होते. अगं, त्या बाईंनी शब्द दिलाय, नीट बघ, कोरडं असेल."

बावीस वर्षं मावशी प्रत्येक पाहुण्याला सॅक देताना हे वाक्य म्हणत आली होती. "तुमचं अंथरूण कोरडं राहील, माझा शब्द." सोमवारीही म्हणाली. आत पिशवी नाही हे ठाऊक असून म्हणाली, कारण जीभ त्या वाटेनं इतकी वर्षं गेली होती की आपोआप गेली. ती रोज सकाळी चहा घेण्याआधी देवापुढे बसून पाण्यावर असलेल्या माणसांचं एकेक नाव घ्यायची. हे तिचं व्रत. त्या सकाळीही तिनं दोघी बहिणींची नावं घेतली होती, आणि देवाच्या भरवशावर जे सोडलं ते तिच्या स्वतःच्या हातात होतं.

"पेन द्या," ती म्हणाली.

जावईबापूंनी सुटकेचा श्वास सोडला. मावशीनं त्यांच्या चार ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली शाळेतल्या मुलीसारख्या सुट्या अक्षरांत लिहिलं:

'सॅकचं तोंड मी नीट बांधलं होतं. पाणी शिवणीतून गेलं. आतली पिशवी घालू नका असं मला सांगितलं आणि मी ऐकलं. तरी कोरडं राहील असा शब्द मी दिला. ही माझी चूक. मला मान्य आहे.'

खाली तिनं सही केली, तारीख घातली.

"हे मी पाठवू शकत नाही," जावईबापू म्हणाले.

"मग मी नेऊन देते. इस्पितळ काही लांब नाही. पण ते परवा. आज मला रजा हवीय. उद्याचीही."

"कशासाठी?"

"बाप-लेक अजून पाण्यावर आहेत."

त्यांच्या लक्षातच येईना. मावशीनं भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. सोमवारीच निघालेले, सहा दिवसांचे. बाप आणि नऊ वर्षांची मुलगी. पिवळ्या सॅक दोन. उद्या सकाळी ते पलीकडच्या काठावरून परतीला निघणार आणि संध्याकाळी त्याच खडकांच्या वाटेतून येणार.

"मंगळवारी मी तुम्हाला म्हटलं होतं, कुणाला तरी पाठवा. तुम्ही म्हणालात, हवा छान आहे."

दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं. तळं शिशाच्या रंगाचं झालं होतं. वारा फिरला होता.

"आणि परत आल्यावर..." जावईबापूंनी वाक्य अर्धंच सोडलं.

"परत आल्यावर बघू. तुम्ही ठरवा तोवर. तुमचाच कारभार आहे."

मावशी घरी जाऊन आली. नऊ पिशव्या उजेडासमोर धरून तिनं त्यातल्या चार निवडल्या. दोन त्यांच्या, एक स्वतःसाठी, एक जास्तीची. मग शेडमध्ये खाली बसून तिनं आपली जुनी कॅनव्हासची सॅक पुढ्यात घेतली. आतली पिशवी उतरवली. तळाला दोन कोरड्या स्लीपिंग बॅगा, वर लोकरीचे मोजे, झाकण आवळलेल्या बरणीत काड्यापेटी. गुडघा ठेवला. हवा सुस्कारा टाकावा तशी बाहेर आली. तिनं मान पिळली, दुमडली, रबर तीनदा फिरवलं. मग हौदावरची फळी सरकवली, सॅक दोन्ही हातांनी पाण्याखाली धरली आणि शंभर मोजले.

डांबरनं आबांची होडी खाली काढून ठेवली होती.

"बाप शहाणा दिसतो," तो म्हणाला. "अंग पुसून घेईल, शेकोटी करेल. तुझं वय काय, वारा काय."

"वारा पाठीशी आहे जाताना."

"आणि येताना?"

"येताना तिघं असू." मावशीनं सॅक होडीच्या मधोमध बांधली. "त्या पोरीनं विचारलं होतं, माझं पुस्तक पण कोरडं राहील ना? मी म्हटलं, पुस्तकसुद्धा."

डांबरनं काळ्या हातांनी होडीचं टोक धरलं, ती बसेपर्यंत स्थिर ठेवलं आणि हलकेच पाण्यात ढकललं.

अंगणात आकड्याला टांगलेली पिवळी सॅक अजून गळत होती. तिच्याखाली एवढंसं थारोळं साचलं होतं. मावशीनं मागे वळून पाहिलं नाही. ओठांत दोन नावं घेत तिनं वल्हं पाण्यात घातलं आणि खडकांच्या दिशेनं होडी वळवली.