गाडीचं ब्लडप्रेशर

"अवो, हे कोनाचं ब्लडप्रेशर पाहून राहिले तुमी?" कुंदाने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"गाडीचं," कमलाकांत म्हणाला आणि मान वर न करता त्याने पंपाची दांडी दाबली.

जठारपेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पाटावर डॉक्टर हरिहररावांच्या मोटारीतला, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा मुठीएवढा पंप ठेवला होता. एका बाजूला पेट्रोलऐवजी रॉकेलचं पातेलं, दुसऱ्या बाजूला रबरी नळीने जोडलेलं दवाखान्यातलं ब्लडप्रेशरचं यंत्र. रॉकेल पाहून कुंदाने चूल केव्हाच विझवली होती. रविवारची सकाळ, आणि घरात कोणाच्या पोटात अजून चहाचा घोटही नव्हता.

महिन्यापूर्वी एका मिस्त्रीने पंपात नवी, भलतीच कडक स्प्रिंग बसवली. तेव्हापासून पंप पेट्रोल इतक्या जोराने ढकलू लागला की कार्बोरेटर भरून वाहायचा आणि इंजिन गुदमरून बंद पडायचं. डॉक्टर दर मंगळवारी पातूर गावी रोगी तपासायला जात; त्या रस्त्यावरून ओळीने तीन मंगळवार बैलजोडीने गाडी ओढून आणली. डॉक्टर वैतागले. "या मंगळवारी पोचली तर ठीक. नाही तर गाडी विकतो, अन् पातूर बंद," असं त्यांनी सांगून टाकलं.

कमलाकांतचा जीव त्या पातूरमध्येच अडकला होता. अकोल्यात तो नुसता कंपाउंडर. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची आणि "तीन वेळा, हालवून" म्हणायचं. पातूरला मात्र लोक त्याची वाट पाहत. कोणाला मागच्या खेपेला काय दिलं, कोणाची सून माहेरी गेली, सगळं त्याला तोंडपाठ. त्याने समजावल्याशिवाय म्हातारी मैनाबाई गोळीला हात लावत नसे. तिथे त्याच्यावाचून लोकांचं अडायचं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला फार आवडायचं.

गाडीच्या पुस्तकात दाब अडीच पौंड दिला होता. त्याने पुडीच्या कागदावर पौंडांचा पाऱ्याच्या मापात हिशेब केला. पारा एकशे तीसच्या आसपास थांबायला हवा होता. तो चढला थेट दोनशे साठवर.

"अगं माय! याले तं झटकाच येईन," कुंदा म्हणाली आणि जवळ येऊन बसली.

कमलाकांतने पंप उघडून स्प्रिंगचं अर्धं वेटोळं कापलं. पारा दोनशे दहा. आणखी थोडं कापलं. एकशे साठ. आता मात्र पक्कड स्प्रिंगला लावून तो थांबला. जास्त कापलं गेलं तर ते परत जोडता येणार नव्हतं, आणि दुसरी स्प्रिंग आणायची कुठून?

"कापू नोका आता," कुंदा म्हणाली. "घासा." तिने विळीला धार लावायचा दगड पुढे सरकवला.

दुपारपर्यंत दोघांनी आळीपाळीने घासलं. पारा एकशे बत्तीसवर आला, तेव्हा कुंदाने टाळीच वाजवली.

मंगळवारी गाडी पातूरला पोचली, तीही वाटेत एकदाही न कुरकुरता. डॉक्टर खुशीत. गावातल्या वडाच्या पारावर गर्दी जमली. डॉक्टरांनी मैनाबाईच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि रबरी फुगा दाबला, तोच म्हातारीने नाक वर केलं.

"डाक्टरसाब, माह्या हाताले राकेल काहून लावून राहिले?"

लोक खो खो हसले. कमलाकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळी त्याने तीन वेळा साबणाने धुतली होती.

"साहेब, रविवारी याच्यानंच गाडीचा दाब पाह्यला," तो कसाबसा म्हणाला. "तुमाले न इचारता नेलं. चुकलं माह्यं."

डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"किती होता?"

"दोनशे साठ. एकशे बत्तीसवर आनला."

"माझ्या औषधानं एवढा कोणाचा उतरला नाही लेका!" डॉक्टर मोठ्याने हसले. मग गळ्यातली, कानाला लावून तपासायची नळी काढून त्यांनी त्याच्यापुढे धरली. "घे. मैनाबाईचं तू पाह्य."

अकरा वर्षांत ती नळी त्याने रोज पुसली होती, कानाला एकदाही लावली नव्हती. त्याने सदऱ्याला हात पुसले आणि म्हातारीपुढे गुडघे टेकले. मैनाबाईने पदर सावरला, हात लांब केला आणि गर्दीवर डोळे वटारले.

"चूप राहा रे सारे. त्याले आयकू द्या."